दारू सुटली, काम मिळालं, तर दादाचं मारणं थांबेल का?

वडगावच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं हे विचारलंय. घरचे चार यंत्रमाग होते. दोन भंगारात गेले, उरलेल्या दोनांना सूत पुरत नाही, म्हणून थोरला भाऊ दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं जातो. दोन वर्षांपासून प्यायला लागलाय आणि वहिनीला मारतो. वहिनीचं माहेर सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. आई म्हणते, "धंदा बसला की गड्याचं डोकं फिरतंच. काम लागलं की होईल सगळं नीट." मुलाचा प्रश्न असा, की मूळ कारण गरिबी आणि दारूच ना? ती दोन्ही गेली की मारणंही जाईल ना? आणि खाली एक ओळ: "मी धाकटा. मी बोलायचं की नाही?"

त्या शेवटच्या ओळीसाठी मी उत्तर लिहायला बसले. बेळगावात बावीस वर्षं कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकर घरांतल्या, खानापूर-निपाणीकडच्या, चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातल्या बायका माझ्यासमोर बसल्यात. त्यांचे नवरेही बसलेत. पण धाकटा दीर आपणहून विचारायला आलाय, असं फार थोड्या वेळा झालं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. दादाला राग का येतो, हा एक. तो राग वहिनींवरच का निघतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर धंद्यात आहे, दुसऱ्याचं तुमच्या घरात. आई पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि तिथंच फसगत होते.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. दादांनी कधी वहिनींचा गळा दाबलाय का, विळा-कोयता हातात घेतलाय का, "जिवंत ठेवणार नाही" म्हणालेत का? यातलं एक जरी घडलं असेल तर बाकीचं वाचायच्या आधी वहिनींना तिथून बाहेर काढा. आज रात्रीच. गळा दाबणं हे नुसतं एक पाऊल पुढं नसतं, पुढच्या वेळी जीव जाऊ शकतो. पोरं किती मोठी आहेत, माहेर पाठीशी उभं राहतं का, दादांचं पिणं व्यसनापर्यंत गेलंय का, यावरही पुढचा रस्ता ठरतो. त्यामुळं मी लिहिते ते तुमच्या घरावर जसंच्या तसं बसेल असं धरू नका.

आता राग. "रागात भान राहत नाही, अक्का," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. तुमच्या दादांच्याच वयाचा एक विणकर माझ्यासमोर बसून हेच सांगत होता. मी विचारलं, गेल्या महिन्यात शेठनं डागाच्या साड्या म्हणून मजुरी कापली, तेव्हा काय केलंत? म्हणाला, गप्प बसलो. राग आला नव्हता? आला होता की. मग हात उगारला नाहीत? तो माझ्याकडं बघतच राहिला. मग मी त्याला विचारलं, बायकोला मारता तेव्हा कुठं मारता? बराच वेळ गेला. "पाठीवर." पाठीवरच का? तो बोलला नाही. त्याची बायको खाली बघून म्हणाली, "पदराखाली झाकतंय म्हणून. आणि आधी दार लावून घेतात."

ज्याला दार लावायचं सुचतं आणि पदर कुठवर येतो ते ठाऊक असतं, त्याचं भान गेलेलं नसतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, हे त्यानं ठरवलेलं असतं. वडा कोण आणि वांगं कोण हेही ठरलेलं असतं. शेठपुढं बोललं तर काम जातं. बायकोला मारलं तर काही जात नाही. सकाळी चहा मिळतो, आई वाढते, शेजारी नमस्कार करतात. ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, ते माणूस पुन्हा करतं.

आणि हे काही जात नाही असं का, ते शोधायला गेलं की पैशाशी गाठ पडते. गरिबीशी नव्हे, पैसा कुणाच्या नावावर धरला जातो त्याच्याशी.

त्याच जोडप्याची पुढची बैठक. सासूबाईही आल्या होत्या. नवरा म्हणाला, "ती घरातच असते. कमवतो मी एकटा." मी वही पुढं ओढली आणि त्याच्या बायकोला म्हटलं, पहाटेपासून सांग. पाच वाजता पाणी. मग स्वयंपाक. मग माग सुरू झाला की कांड्या भरणं, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळणं. दिवसात किती वेळा उठतेस? तिनं बोटं मोडत मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, कारण हे तिनं कधी मोजलंच नव्हतं. तुटलेले धागे जोडणं तिचं, साडी उतरली की घडी करणं तिचं. मी नवऱ्याला विचारलं, कांड्या भरायला बाहेरची बाई लावली तर? तो म्हणाला, "पगार द्यावा लागंल." वहीत साड्यांचा हिशोब होता, त्यात त्याचं नाव होतं. तिचे हात त्याच साडीत होते, पण वहीत कुठंच नव्हते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग माझ्यापण धरा की. चाळीस वर्षं भरूलोय कांड्या."

त्या बैठकीत सगळ्यांत जास्त कुणाचा चेहरा बदलला असेल तर सासूबाईंचा. सुनेची बाजू घ्यायला त्या कुणाच्या उपदेशानं तयार झाल्या नाहीत. आपलेही हात वहीत नव्हते हे त्यांना दिसलं, एवढंच. तुमच्या आईंशी बोलायची वाट इथून जाते, हे ध्यानात ठेवा.

विणकर घरात जे कांड्यांचं, तेच शेतकरी घरात जमिनीचं. कर्नाटकानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटा दिला, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो देशभर आला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही. कायदा झाला, तरी आपल्याकडं बहीण काय करते? भाऊबीजेला साडीचोळी घेते आणि हक्कसोडपत्रावर सही करते. सही केली नाही तर माहेर तुटतं. सही केली तर माहेराला तिच्यासाठी दार उघडं ठेवायची गरज राहत नाही. मार खाऊन ती भावाच्या दारात येते तेव्हा भावजय पाणी देते, भाऊ दोन दिवसांनी परत सोडायला जातो, आणि "दिल्या घरी राहावं" म्हणतो. सोडायला आलेल्या भावाला नवरा चहा पाजतो. त्या चहातून नवऱ्याला जे कळायचं ते कळतं: हिला जायला जागा नाही.

बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा या संशोधकांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के, दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. मला हे वाचून नवल वाटलं नाही. स्वतःच्या नावाचं एक खोलीचं घर असलं की त्या घरात जावं लागतंच असं नाही. ते आहे, हे नवऱ्याला माहीत असणं पुरतं. सीमेपलीकडं शेतकरी संघटनेनं चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. आपल्याकडं ते लोण पोचायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आता गरिबीबद्दल. गरिबीच मूळ असती तर अथणी-रायबागच्या ऊसवाल्या घरांतून माझ्याकडं कुणी आलं नसतं. येतात. ट्रॅक्टर दारात, दोन मजली घर, आणि बाई सांगते की फोन रिचार्ज करायला दिराकडं पैसे मागावे लागतात. तिथं मार कमी दिसतो, कारण भिंती जाड असतात. फरक एवढाच की गरीब घरात बाई हाताला काम आहे म्हणून कधी ना कधी बाहेर पडते, मोठ्या घरात तिला बाहेरच पडू देत नाहीत. बेकारी, कर्ज, बसलेला धंदा यांनी मार वाढतो हे मात्र खरं आहे. ज्याला लहानपणापासून शिकवलं की कमवतो तो पुरुष, त्याची कमाई गेली की पुरुष असल्याचं दाखवायला दुसरं काही उरत नाही. मग आमटीत मीठ कमी पडलं, हे कारण पुरतं. दादांचं दुःख खोटं नाही. त्यांना कामाची, मदतीची गरज आहे. पण ती मदत वहिनींच्या पाठीवरून मिळवायची नसते.

दारूचं थोडक्यात सांगते. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली. तेव्हा आम्हा सगळ्यांना आशा होती. मार थांबला नाही. पिणं दुसऱ्या बाटलीत गेलं, आणि ज्यांनी खरंच सोडली त्यांच्यातले काही शुद्धीत मारू लागले. दारू सोडवायलाच हवी, तिनं मार जास्त वाईट होतो. पण "सुटली की बघू" म्हणून बाकी सगळं थांबवून ठेवू नका. प्यायलेला गडी रस्त्यात पोलिसाला नमस्कार करतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका आकड्याची. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात कर्नाटकातल्या ४४ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, शेजारच्या महाराष्ट्रात २५ टक्के. हे सांगितलेले आकडे, न सांगितलेले वेगळे. पण त्याच सर्वेक्षणात विचारलं होतं, की न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशा सात कारणांपैकी एखाद्यासाठी तरी बायकोला मारणं योग्य आहे का? कर्नाटकातल्या सुमारे ८२ टक्के पुरुषांनी हो म्हटलं. आणि ७७ टक्के बायकांनीही. आई "गड्याचं डोकं फिरतंच" म्हणतात तेव्हा त्या दुष्ट नसतात. त्या या ७७ मधल्या असतात, आणि बहुधा त्यांनीही मार खाल्लेला असतो. सुनेला नको म्हणायचं तर आधी स्वतः सोसलेलं चुकीचं होतं हे मान्य करावं लागतं. या वयात ते सोपं नाही.

घराची इज्जत बाईच्या अंगावर ठेवलेली असते, हेही याच मुळाचं. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मुलगा मुलीला घेऊन पळून गेला म्हणून मुलीकडच्यांनी त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र केलं आणि खांबाला बांधलं. भांडण दोन घरांचं, आणि सूड उगवला तो ज्या बाईचा त्यात हातही नव्हता तिच्यावर. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्यांबद्दलही कठोर शब्दांत बोललं. मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात तेच बघणारे राहिले. दार लावून मारताना शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात, तेही बघणारेच.

आता म्हणाल, बायका कमवायला लागल्या की झालं. अर्धं खरं आहे. संघातून, म्हणजे बचत गटातून, कर्ज बाईच्या नावावर मिळतं, पैसे नवऱ्याच्या हातात जातात आणि हप्त्याच्या दिवशी दारात उभं राहून बोलणी खायची तिनं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच इतका वाढला की २०२५ मध्ये राज्य सरकारला त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. हप्त्याच्या आदल्या रात्री मार खाल्लेल्या बायका मी पाहिल्यात. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार २०२३ पासून येतात, ते रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे बहुतेक घरांत सासूला. सुनेच्या हातात काय पडतं ते सासूवर अवलंबून. त्यामानानं शक्ती योजनेच्या फुकट बसनं माझ्या कामात जास्त फरक पडला. पूर्वी बाई तारखेला यायची नाही, कारण तिकिटाला पैसे मागायचे तर कुठं जातेस ते सांगावं लागायचं. आता आधारकार्ड दाखवून बसते आणि येते.

कमाईबरोबर चार बायकांची सोबत असली तर मात्र गोष्ट वेगळी. निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी १९८० च्या आसपास संघटना करून लढे दिले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं, की छाट, म्हणजे नापास, म्हणून विड्या बाजूला काढल्या तर आधी आम्ही मुकाट घरी जायचो. मग का काढल्या ते विचारायला लागलो. "मालकाला विचारायची जीभ आली, मग घरातल्या मालकाला पण विचारलं." वहिनींना अशी सोबत आहे का बघा. नसेल तर त्या एकट्या कमवू लागल्यावर सुरुवातीला मार वाढूही शकतो, कारण नवऱ्याला हातातलं सुटताना दिसतं. हे माहीत असावं म्हणून सांगते, घाबरवायला नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. काम लागलं, दारू सुटली तर राग कमी होईल. मारणं थांबेल ते मारल्यावर काहीतरी जातं, हे दादांना कळेल तेव्हा.

काय काय करता येतं? घर वडिलांच्या नावावर असलं तरी वहिनींना तिथं राहायचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. घरातून काढायची धमकी दिली तर हे लक्षात ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त माराचा नाही. पैसे अडवणं, दागिने काढून घेणं हेही त्यात येतं. तिच्या अंगावरचं सोनं तिचं आहे, गहाण टाकलेलं असेल तर पावती शोधून ठेवा. या कायद्यातलं संरक्षण अधिकाऱ्याचं काम आपल्याकडं बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं असतं, म्हणजे अंगणवाड्यांचं तालुक्याचं ऑफिस. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १८१ वर फोन करता येतो, तातडीला ११२. तारखा लांबतात, हे मी लपवणार नाही. पण अर्ज पडला एवढ्यानंच बऱ्याच घरांतला हात खाली आलेला मी पाहिलाय.

सीमेवरच्या दोन अडचणी इथल्याच आहेत. वहिनी चंदगडला गेल्या तर तिथले म्हणतील, घडलं कर्नाटकात, तिकडं जा. असं ऐकून परत फिरू नका. सासरहून बाहेर पडावं लागलेली बाई जिथं आसऱ्याला गेली तिथंही तक्रार देऊ शकते, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे ठरवून दिलंय. दुसरी अडचण भाषेची. इथं तक्रार कानडीत लिहिली जाते. मराठी बाई "सही कर" म्हटलं की करते. एकीच्या कागदावर "किरकोळ बोलाचाली" असं लिहिलेलं मला नंतर वाचायला मिळालं, तिचा हात मोडला होता. लिहिलेलं वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि प्रत फुकट मिळते. तुम्हाला कानडी वाचता येत असेल तर वहिनींबरोबर जा. शिकलेल्या दिराचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

पण यातलं काहीही वहिनींना विचारल्याशिवाय करू नका. त्यांना काय हवंय ते आधी ऐका. त्या अजून काही दिवस थांबते म्हणाल्या तर त्यांना त्यांचा अंदाज असतो, तो तुमच्यापेक्षा पक्का असतो. तोवर त्यांचं आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, पोरांचे दाखले यांच्या प्रती काढून तुमच्या कॉलेजच्या पिशवीत ठेवा.

आणि हो, तुम्ही बोलायचं. धाकटे आहात म्हणूनच बोलायचं, कारण तुमचं बोलणं त्यांना शेठचं किंवा पोलिसाचं वाटणार नाही. सकाळी, ते प्यायलेले नसताना, दोघंच असताना बोला. वहिनींनी सांगितलं असं चुकूनही म्हणू नका, ते त्यांच्या अंगावर येईल. "मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं दादा, मला झोप लागत नाही," एवढंच म्हणा. ते ओरडतील, कदाचित बोलणं टाकतील. टाकू देत.

आणि रात्री आवाज आला की दार वाजवा. तुमच्यावर हात येईल अशी भीती असेल तर शेजारच्या काकांना बरोबर घ्या. कारण काहीही काढा. पाणी मागा, चार्जर मागा, पोटात दुखतंय म्हणा. दार उघडेपर्यंत वाजवत राहा.